ऑफरोडला हॅम रेडिओ: लायसन्सपासून गाडीतल्या वायरिंगपर्यंत, ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी

मुरबाड सोडून माळशेजच्या दिशेने निघालात किंवा कर्जतवरून कशेळे, खांडस असं आत घुसलात की मोबाइलची रेंज कधी गेली ते कळतही नाही, ग्रुपवर टाकलेला "कुठे पोचलात" एका टिकवर लटकतो, पुढची गाडी वळणामागे गायब झालेली असते आणि मागची चिखलात बसलीय की नुसती चहाला थांबलीय हे कुणालाच माहीत नसतं. मग कोणीतरी म्हणतं, "अरे आपण ते वॉकीटॉकी घेऊया ना, ऑनलाइन स्वस्तात मिळतात." इथूनच घोळ सुरू होतो. म्हणून सगळं क्रमाने लिहितोय, लांबलंय पण गाडी माझी नाही तुमची आहे, त्यामुळे वाचा.

एक गोष्ट आधीच सांगतो. गाडी ते गाडी गप्पा आणि लांबचा संपर्क ही दोन वेगळी कामं आहेत. सहा गाड्यांच्या ताफ्यात सहाही ड्रायव्हर हॅम, म्हणजे परीक्षा देऊन लायसन्स घेतलेले हौशी रेडिओवाले, असतील असं होत नाही, आणि ज्याच्याकडे लायसन्स नाही त्याने हॅम बँडवर, म्हणजे हॅमसाठी ठेवलेल्या फ्रिक्वेन्सींवर, बोलायचं नाही, माइक दुसऱ्याचा असला तरी. त्यामुळे माझं मत सरळ आहे: ताफ्यातली रोजची बडबड लायसन्स न लागणाऱ्या छोट्या सेटवर, आणि लीड गाडी आणि शेवटची गाडी या दोन टोकांना दोन लायसन्सवाले हॅम. एवढं जमवलंत की ऐंशी टक्के काम झालं समजा.

आधी बिनलायसन्सवाले सेट उरकून घेऊ

भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा छोटा पट्टा कमी ताकदीच्या वॉकीटॉकीसाठी लायसन्समुक्त आहे. सेट त्याच पट्ट्यासाठी बनवलेला आणि सरकारी मान्यता, म्हणजे ईटीए असलेला पाहिजे. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीवर नियमावली आणली ती याचसाठी, कारण फ्रिक्वेन्सी कुठली, लायसन्स लागतं का, काहीही न लिहिता सेट विकले जात होते. तर घेताना तिथे फ्रिक्वेन्सी आणि ईटीए दोन्ही लिहिलंय का बघा, नसेल तर सोडून द्या, कितीही ऑफर असू दे.

यांच्याकडून अपेक्षा माफक ठेवा. खोक्यावर पाच-दहा किलोमीटर छापलेलं असतं, आपल्या डोंगरात दोन वळणं मध्ये आली की संपलं. पण "समोर दगड बाहेर आलाय, डावं चाक कडेला ठेव" एवढं सांगायला ते मस्त चालतात. २७ मेगाहर्ट्झच्या आसपास सिटिझन बँड म्हणूनही एक लायसन्समुक्त पट्टा आहे, पण आपल्याकडे सेट फारसे दिसत नाहीत, त्यामुळे त्यात पडत नाही.

आणि हो, हॅम सेट ४४६ वर प्रोग्रॅम करून "एकाच सेटवर दोन्ही" हा जुगाड करू नका. तो सेट त्या कामासाठी मान्य नाही, आणि आपला सत्तर सेंटिमीटरचा हॅम बँड (नाव लाटेच्या लांबीवरून) भारतात ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ एवढाच आहे.

लायसन्स: सेटच्या आधी हे

बरेच जण आधी सेट मागवतात आणि मग परीक्षेचं बघू म्हणतात. उलटं करा. वरचे लायसन्समुक्त सेट सोडले तर आपल्याकडे ट्रान्समिट करणाऱ्या सेटचं प्रकरण असं आहे की तो नुसता जवळ ठेवायलासुद्धा परवाना लागतो, वापरलाच नाही हे उत्तर चालत नाही.

लायसन्स देते दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा, अर्ज सरल संचार पोर्टलवर ऑनलाइन. वय बारा पूर्ण पाहिजे. दोन ग्रेड आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. रिस्ट्रिक्टेडला मोर्स (टिंब-रेषांची संकेतलिपी) लागत नाही, जनरलला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स पाठवता आणि घेता आला पाहिजे. लेखी परीक्षेत दोन भाग, एक रेडिओची थिअरी आणि दुसरा नियम. थिअरी म्हणजे बारावीचं फिजिक्स थोडं आठवत असेल तर घाबरण्यासारखं काही नाही, ओहमचा नियम, ऑसिलेटर, अँटेनाची लांबी, असलं. नियमांचा भाग मात्र पाठच करावा लागतो, क्यू कोड (क्यूने सुरू होणारे तीन अक्षरी संकेत) वगैरे, आणि नापास होणारे बहुतेक याच भागाला हलक्यात घेतलेले असतात. लायसन्स वीस वर्षांचं किंवा आजीवन, दोन पर्याय. पास झाल्यावर पोलिस व्हेरिफिकेशन असतं त्यात वेळ जातो, म्हणून डिसेंबरच्या ट्रिपसाठी ऑक्टोबरमध्ये अर्ज करून काही होणार नाही.

ऑफरोडला रिस्ट्रिक्टेड पुरतं. कॉलसाइन, म्हणजे हवेवर तुमची ओळख सांगणारं अक्षर-आकड्यांचं नाव, बहुतेक व्हीयू३ ने सुरू होतो, जनरलचा व्हीयू२ ने. कुठल्या ग्रेडला कुठले बँड आणि किती वॉट याचा तक्ता नियमांत आहे, तो मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा, पीडीएफ हं, लिंक नको, तिकडे रेंज नसते हाच तर विषय आहे.

लायसन्सवर तुमच्या स्टेशनचा पत्ता असतो. गाडीतून किंवा दुसऱ्या ठिकाणाहून चालवायचं तर मोबाइल आणि पोर्टेबल वापराचा वेगळा नियम आहे, तो वाचून जी परवानगी किंवा कळवाकळवी लागेल ती ट्रिपच्या आधी करून घ्या आणि त्याची प्रत गाडीत ठेवा. नाकाबंदीला डॅशबोर्डवर एवढा मोठा सेट आणि माइक दिसला की पोलिस विचारतातच, त्यांची काही चूक नाही त्यात. लायसन्स, सेटचं बिल, सीरियल नंबर दाखवला की दोन मिनिटांत विषय संपतो. लडाख किंवा कुठल्याही सीमाभागात नेणार असाल तर तिथलं स्थानिक परवानगीचं प्रकरण वेगळं, ते पूर्ण होईपर्यंत सेट घरीच. तसंच यूट्यूबवर बघून सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर मागवणारे पण भेटतात, भारतात सरकारी परवानगीशिवाय तो वापरणं गुन्हा आहे आणि विमानतळावर असे लोक अडकलेले आहेत.

सेट कुठला

दोन मीटर, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, हा आपला मुख्य बँड. झाडीत आणि डोंगराच्या कडेने तो सत्तर सेंटिमीटरपेक्षा बरा जातो, पावसाळ्यात ओल्या पानांतून तर फरक स्पष्ट जाणवतो. ड्युअल बँड घेतलात तरी ट्रिपला दोन मीटरच लावा.

गाडीत बसवायचा मोबाइल रिग असेल तर २५ ते ५० वॉटचा येतो, हँडी, म्हणजे हातात धरायचा सेट, पाच वॉटची. सगळ्यांना वाटतं वॉट वाढले की अंतर तेवढ्या पटीत वाढतं. तसं नसतं. पाचाचे पन्नास वॉट केले म्हणजे दहा डेसिबल, समोरच्याच्या सिग्नल मीटरवर दीड-दोन घरांचा फरक. हँडी गाडीच्या आत बसून बोलताय, चारी बाजूंनी पत्रा, तेव्हा त्यातले कितीतरी आतच मरतात, आणि तीच पाच वॉटची हँडी छतावरच्या अँटेनाला जोडली की माणसाला वाटतं सेट बदलला. म्हणून पैसे कमी असतील तर हँडी, छतावर चांगली अँटेना, आणि मध्ये योग्य कनेक्टर, एवढ्यावर पहिलं वर्ष आरामात निघतं. माझा क्रम कायम हाच: लायसन्स, अँटेना, वायरिंग, आणि सेट सगळ्यात शेवटी.

स्वस्तातल्या हँडी हॅम बँडच्या बाहेरही ट्रान्समिट करतात. करू शकतात म्हणून करायचं नसतं, तिथे पोलिस, अग्निशमन, बंदर असले लोक असतात. पहिल्याच दिवशी कीपॅडवरून फ्रिक्वेन्सी टाकायचा मोड बंद करा आणि फक्त सेव्ह केलेले चॅनेल दिसतील असं सेटिंग करा, पोराच्या हातात गेला तरी चिंता नाही.

अँटेना, इथे वेळ घालवा

दोन मीटरच्या लाटेच्या पाव लांबीची अँटेना साधारण ४९ सेंटिमीटरची, नुसती एक ताठ काडी. पाच-अष्टमांश वाली सव्वा मीटरच्या आसपास, सपाट माळावर ती लांब जाते. पण घाटात समोरची गाडी तुमच्या वरच्या किंवा खालच्या वळणावर असते आणि लांब अँटेना सगळी ताकद क्षितिजाकडे फेकते, शिवाय करवंदीच्या जाळीत अडकून मोडते ती हीच. आपल्या भागासाठी पाव लांबीची आणि खाली स्प्रिंग, यापुढे फार विचार करू नका.

जागा कुठली? छताच्या मधोमध, वाद नाही. अँटेनाला खाली पत्र्याची जमीन लागते, काडीच्या सगळ्या बाजूंनी निदान पन्नास सेंटिमीटर. लोखंडी छताला मॅग्नेट माउंट झकास बसतो. थारसारख्या गाडीला छत कापडी किंवा फायबरचं असेल तर साधी परीक्षा, खिशातलं एखादं मॅग्नेट लावून बघा, नाही चिकटलं तर मॅग्नेट माउंटही विसरा. तिथे बॉनेटच्या कडेला किंवा दाराच्या बिजागरीपाशी क्लॅम्प लागतो. त्यात अर्धी बाजू काचेच्या आणि छताच्या आड जाते, एका दिशेला कमी ऐकू येतं, चालतं. फक्त क्लॅम्पचे स्क्रू रंग खरवडून पत्र्याला भिडलेत का बघा, मल्टीमीटरने माउंट ते बॅटरी निगेटिव्ह कंटिन्युइटी मोजा, बीप आला पाहिजे. उघड्या पत्र्यावर नंतर ग्रीस लावा, आपल्या हवेत दोन पावसाळ्यांत गंज धरतो. छतावर कॅरिअर असेल तर त्याच्या दांड्यांमध्ये अँटेना लपवू नका.

केबल आरजी-५८ असते बहुतेक. दोन मीटरवर पाच मीटर केबलमागे साधारण एक डेसिबल जातो, म्हणून उरलेली गुंडाळून सीटखाली कोंबण्यापेक्षा लागेल तेवढीच ठेवा. दाराच्या रबरातून नेताना खालच्या कोपऱ्यातून न्या आणि आत येण्याआधी एक लोंबता वळसा द्या, पावसाचं पाणी तिथून टपकतं, नाहीतर केबलवरून सरळ तुमच्या मॅटवर.

मग एसडब्ल्यूआर मोजायचा, म्हणजे पाठवलेली ताकद अँटेनाकडून किती परत येते ते सांगणारा आकडा. मीटर नसेल तर एखाद्या हॅमकडून नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) मागून आणा. सोसायटीच्या पोडियमखालच्या पार्किंगमध्ये मोजू नका, डोक्यावर सळ्यांचा स्लॅब, शेजारी गाड्या, आकडे काहीही येतात. मोकळ्या मैदानात, दारं बंद, बॉनेट बंद, माणसं लांब. १४४, १४५ आणि १४६ ला आकडा घ्या. दीडच्या आत आला तर उत्तम, दोनच्या वर गेला तर जास्त ताकदीवर बोलू नका. १४४ कडे जास्त आणि १४६ कडे कमी येत असेल तर काडी आखूड आहे, थोडी वर ओढा. उलट असेल तर लांब आहे, कापायची, पण एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच, कापलेली काडी परत वाढत नाही. सगळीकडेच तीनच्या वर असेल तर लांबीत दोष नाही, जमीन मिळत नाहीये किंवा कनेक्टर नीट सोल्डर झालेला नाही.

वायरिंग

हँडीवाल्यांनी हे सोडून पुढे जा. रिगवाल्यांनी सिगरेट लायटरच्या सॉकेटमधून सप्लाय घ्यायचा नाही. पन्नास वॉटवर बोलताना सेट दहा-बारा अँपिअर ओढतो, त्या सॉकेटची वायर आणि फ्यूज त्या कामाचे नाहीत, पिन गरम होते, मग आवाज चिरका होतो.

थेट बॅटरीवरून घ्या. हिशोब साधा आहे. बॅटरी ते सेट चार मीटर, जाऊन-येऊन आठ. एक स्क्वेअर एमएमची वायर टाकली तर बारा अँपिअरला दीड-पावणेदोन व्होल्ट वायरमध्येच जातात. म्हणजे इंजिन बंद असताना साडेबाराचे अकराच्या खाली, आणि सेट माइक दाबल्या दाबल्या बंद पडून पुन्हा चालू होतो, लोक म्हणतात सेट खराब निघाला. चार स्क्वेअर एमएम टाकली तर तोटा अर्ध्या व्होल्टच्या आत. फरक काही शे रुपयांचा.

फ्यूज पंधरा अँपिअरचा, बॅटरीपासून वीतभर अंतरात. सेटजवळ लावलेला फ्यूज सेट वाचवतो, मधली वायर कुठे घासून पत्र्याला लागली तर गाडी वाचवत नाही, आणि ऑफरोडला वायर घासते म्हणजे घासतेच. ज्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर बसवलेला असतो त्यात निगेटिव्ह टर्मिनलला नाही तर बॉडी अर्थ पॉइंटला जोडा. इंजिनच्या भिंतीतून आत येताना आधीचा रबर ग्रोमेट शोधा, बहुतेक गाड्यांत क्लच केबल किंवा मुख्य हार्नेसच्या शेजारी जागा मिळते. नवीन भोक पाडलंत तर त्यात ग्रोमेट हवाच. नवी गाडी असेल तर वॉरंटीचं शोरूममध्ये आधी विचारा, नंतर हुज्जत नको.

सेट बसवताना एअरबॅगची जागा सोडा. डॅशबोर्डचा डावा भाग आणि खिडकीजवळचा खांब या दोन्ही ठिकाणी लोक हौसेने माइकचा हुक लावतात आणि बॅग फुटली की तोच माइक तोंडावर येतो. सेट सीटखाली आणि डिस्प्ले वेगळा काढता येत असेल तर सर्वात छान, पण नदी ओलांडणारे असाल तर सीटखाली पाणी येतं हे विसरू नका.

कुरकुर शोधणं

आता सगळं लागलं, सेट चालू केला, आणि स्पीकरमध्ये नुसती खरखर. ऑफरोड गाडीत हे हमखास, कारण आपण लोकांनी एलईडी बार, डॅशकॅम, टायर इन्फ्लेटर, तीन यूएसबी चार्जर, काय काय लावलेलं असतं. पद्धत अशी: स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबून ठेवणारी सेटिंग) पूर्ण उघडा, मोकळ्या जागी इंजिन बंद ठेवून फक्त सेट चालू, ही मूळ खरखर कानात बसवा. मग एकेक गोष्ट चालू करत जा. कुठल्या क्षणी सूर बदलतो ते ऐका. डॅशकॅमचा चार्जर आणि स्वस्त एलईडी बार हे दोन नेहमीचे चोर. कमकुवत सिग्नल त्या आवाजाखाली गाडला जातो आणि तुम्ही म्हणत बसता मागची गाडी बोलतच नाही. त्या वस्तूच्या वायरला क्लिप-ऑन फेराइट (खरखर अडवणारा मणी) लावा, वायर त्यातून दोन-तीन वेढे काढून, नाही गेलं तर चार्जर बदला. रेस दिली की वाढत जाणारी शिट्टी येत असेल तर ती अल्टरनेटरची, सप्लाय थेट बॅटरीवरून आहे का आणि अर्थ पक्की आहे का ते पुन्हा बघा.

चॅनेल भरणं

चार-पाच चॅनेल पुरतात. दोन सिंप्लेक्स, म्हणजे सेट ते सेट थेट, एक मुख्य एक पर्यायी, ट्रिपच्या आधी ठरवून सगळ्यांच्या सेटमध्ये एकाच नंबरला. बाकी त्या भागातले रिपीटर. रिपीटर म्हणजे उंचावर बसवलेला सेट, एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच वेळी दुसरीवर तुमचा आवाज पुन्हा पाठवतो, दोन मीटरवर दोन्हींत बहुधा ६०० किलोहर्ट्झचा फरक. फ्रिक्वेन्सी, फरक आणि टोन (बोलण्याबरोबर जाणारा ठरलेला सूर) या तिन्ही गोष्टी बरोबर पाहिजेत, टोन चुकला तर तुम्हाला तो ऐकू येईल पण तुमच्यासाठी उघडणार नाही. जुन्या यादीवर विसंबू नका, रिपीटर बंद पडतात, बदलतात. मुंबई-ठाण्याच्या हॅम लोकांना विचारा, अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया ही राष्ट्रीय संघटना आहे तिच्यामार्फतही जवळची मंडळी सापडतात, आणि ही जमात नव्या माणसाला मदत करायला एका पायावर तयार असते.

टाइमआउट, म्हणजे सलग ट्रान्समिट आपोआप तोडायची वेळ, साठ सेकंदांवर ठेवा, माइक सीटच्या फटीत दाबला जाऊन अख्खा चॅनेल अडकतो आणि सगळ्यांना तुमच्या गाडीतली भांडणं ऐकू येतात. व्हॉक्स (आवाज झाला की आपोआप ट्रान्समिट) बंद. ड्युअल वॉचही (दोन चॅनेल एकदम ऐकणं) ट्रिपला बंद, नाहीतर उत्तर भलत्याच चॅनेलवर जातं.

डोंगर आणि अंतर

व्हीएचएफ, म्हणजे आपला दोन मीटर ज्यात येतो तो पट्टा, टॉर्चच्या उजेडासारखं वागतं, कातळामागे अंधार. क्षितिजाचं अंतर काढायला सोपं सूत्र आहे: अँटेनाची उंची मीटरमध्ये, तिचं वर्गमूळ, गुणिले ४.१२, उत्तर किलोमीटरमध्ये, दोन्ही टोकांचं काढून बेरीज. दोन गाड्या, दोन-दोन मीटर उंचीच्या अँटेना, म्हणजे सपाटीवर साडेअकरा किलोमीटर. सह्याद्रीत सपाटी कुठे, तर तीन-चार धरा. तेच माळशेजच्या माथ्यावर, साधारण सातशे मीटर, एकट्या त्या टोकाचंच १०९ किलोमीटर येतं. म्हणजे कागदावर ठाणं आवाक्यात. प्रत्यक्षात मध्ये मुंब्र्याचा डोंगर आणि टॉवरांची भिंत, त्यामुळे कल्याणला वरच्या मजल्यावर राहणारा हॅम तुम्हाला सहज ऐकेल आणि पाचपाखाडीतला नाही. म्हणून घरून ऐकायला माणूस ठेवताना तो किती जवळचा मित्र आहे यापेक्षा तो कुठे राहतो ते बघा.

दरीत उतरून संपर्क तुटला तर ओरडून उपयोग नाही. आवाज तुटक येत असेल तर गाडी अर्धा मीटर पुढे-मागे घ्या, खडकावरून परतून आलेल्या लाटा एकमेकींना खातात आणि तेवढ्या हलण्याने चित्र बदलतं. नाहीच लागलं तर एक गाडी उंचावर रिलेला, म्हणजे निरोप पुढे द्यायला, थांबवा. ट्रेल ठरवतानाच नकाशावर कॉन्टूर (समान उंचीच्या रेषा) बघून अशा दोन-तीन जागा खुणा करून ठेवा. आणि तो ट्रेल वनखात्याच्या हद्दीत नाही ना, तेही तेव्हाच बघा, तानसा, येऊर या बाजूला तर विषयच नाही.

खोल दरीतून शंभर-दोनशे किलोमीटर जायचं असेल तर एचएफ, म्हणजे चाळीस मीटरचा बँड, दिवसा. सात मेगाहर्ट्झचा डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली तारेची अँटेना, दोन्ही हात दहा-दहा मीटरचे, दोन झाडांमध्ये तीन-चार मीटर उंचीवर बांधला की लाट सरळ वर जाऊन आयनोस्फिअर या वातावरणाच्या वरच्या थरावरून खाली येते, मधल्या डोंगराचा संबंधच नाही. तो उंच बांधायचा मोह नको, इथे खालीच पाहिजे. हे मुक्कामाच्या ठिकाणी करायचं काम, चालत्या गाडीतून नाही. २००४ च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरला भारती प्रसाद आणि त्यांच्या टीमने जे निरोप पोचवले तेही हॅमवरूनच, फोन बंद होते.

बोलायचं कसं

चालवणाऱ्याने माइक धरायचा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये चालवताना हातात संवादाचं साधन धरणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये येतं, आणि कायदा बाजूला ठेवला तरी लो रेंज गिअरमध्ये उतारावर एका हाताने स्टिअरिंग म्हणजे कमालच झाली. म्हणून लायसन्सवाला शेजारच्या सीटवर.

दाबा, एक सेकंद थांबा, मग बोला. माइक तोंडापासून चार बोटं, जरा तिरका. आधी ज्याला हाक मारताय त्याचा कॉलसाइन, मग तुमचा. मराठीत बोला, चालतं, फक्त साधी भाषा, गुप्त कोडमध्ये बोलायला हॅमवर बंदी आहे. धंद्याचं बोलणंही नाही, म्हणजे पैसे घेऊन ट्रिप नेणाऱ्यांनी ताफा हॅमवर चालवायचा नाही. आणि लक्षात ठेवा, कोणीही ऐकत असतं, "घरी कोणी नाही, चावी कुंडीखाली" असलं बोलू नका.

लीड आणि शेवटची गाडी दर अर्ध्या तासाने एकमेकांना हाक देणार, घड्याळ लावून, काही बोलायचं नसलं तरी. उत्तर नाही आलं तर दहा मिनिटांनी पुन्हा, तेव्हाही नाही तर लीडने जिथे आहे तिथेच थांबायचं. हे निघण्याआधी टोलनाक्यावर चहा पिताना सगळ्यांना तोंडी सांगा, मेसेज कोणी वाचत नाही. विंचने किंवा स्नॅच पट्ट्याने गाडी ओढणं चालू असताना चॅनेलवर फक्त दोघं, रिकव्हरी करणारा आणि गाडीतला, बाकी गप्प.

अपघात झालाच तर समोरच्या हॅमला १०८ किंवा ११२ ला फोन लावायचा असतो, तर त्याला लागतील त्या गोष्टी त्याच क्रमाने द्या: कुठे आहात, जवळचं गाव आणि अक्षांश-रेखांश, काय झालं, किती जखमी, शुद्धीवर आहेत का, अँब्युलन्स कुठपर्यंत येऊ शकते. आकडे एकेक करून सांगा, "एकोणीस" नाही, "एक नऊ". समोरच्याने सगळं परत वाचून दाखवल्याशिवाय माइक खाली ठेवू नका. आणि ढग गडगडायला लागले की सड्यावर अँटेना उतरवून गाडीत बसा, मे आणि ऑक्टोबरमध्ये तर नक्कीच.

ट्रिपआधी एक रविवार

दोन गाड्या, सकाळी लवकर, रस्ता रिकामा असताना. एक माजिवड्याला बाजूला लावून उभी, दुसरी घोडबंदर रोडने निघाली, मानपाडा, कासारवडवली, गायमुख, दर ठिकाणी थांबून हाक. नवी मुंबईवाल्यांनी हेच बेलापूरहून खारघरच्या डोंगराला वळसा घालत तळोज्याकडे करा. प्रत्येक ठिकाणी आवाज कसा आला ते वहीत लिहा, आधी पूर्ण ताकदीवर, मग लो पॉवरवर. गायमुखच्या चढाला, डोंगर आडवा येतो तिथे, बहुतेकांचं पहिल्यांदा तुटतं. मग अँटेना छतावरून बॉनेटवर किंवा बॉनेटवरून छतावर हलवा आणि तोच रस्ता पुन्हा मारा, आकडे शेजारी शेजारी मांडा, कुठली जागा ठेवायची ते वहीच सांगेल.